सातशे वस्तीच्या गावाचं सांडपाणी: प्लांट ठरवण्याआधी गाळाची जागा ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वस्ती सातशेच्या आसपास, घरं बऱ्यापैकी जवळजवळ. न्हाणीचं आणि स्वयंपाकघराचं पाणी उघड्या गटारातून ओढ्याला जातं. संडासाच्या टाक्या भरल्या की त्यांचंही पाणी त्याच गटारात उतरतं. पिण्याचं पाणी विहिरींचं. आता हे सगळं एकत्र करून शुद्ध करायचं गावाने ठरवलं आहे. एका पुरवठादाराने ब्लोअरवर, म्हणजे पाण्यात हवा फुंकणाऱ्या यंत्रावर, चालणारा तयार प्लांट सुचवला आहे: जागा कमी लागते, पाणी नितळ निघतं. तो घ्यावा का, आणि नाही तर दुसरं काय करावं?

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. तुम्ही वर्णन केलंत तशा गावाने तो घेऊ नये. नळ, देवनळ यांसारखी झाडं लावलेले खडी-वाळूचे वाफे घ्यावेत, आणि जमीन मुबलक व हवा उबदार असेल तर तळ्यांचाही विचार करावा. असं का, ते समजायला आधी थोडा हिशेब करावा लागेल.

एक माणूस दिवसाला साधारण ५० ग्रॅम बीओडी सोडतो. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू जेवढा ऑक्सिजन ओढून घेतात, त्याचं माप. सातशे माणसांचे झाले ३५ किलो. माणशी १०० लिटर पाणी वापरलं जात असेल आणि त्यातलं ८० लिटर गटारात येत असेल, तर दिवसाला ५६ घनमीटर सांडपाणी. म्हणजे दर लिटरला ६२५ मिलिग्रॅम बीओडी. शहराच्या सांडपाण्यापेक्षा हे बरंच दाट आहे, कारण पाणी कमी आणि घाण तेवढीच. पुरवठादाराच्या तक्त्यात शहरी आकडे धरलेले असतील, २५० किंवा ३००, तर त्याचा प्लांट पहिल्याच दिवशी दुप्पट ओझ्याखाली असेल. तक्ता हातात घेतल्यावर पहिली नजर इथे टाका.

दुसरी गोष्ट वाहण्याच्या वेळेची. ५६ घनमीटर दिवसभरात सारखे वाहिले, तर सेकंदाला ०.६५ लिटर होतात. पण गाव सकाळी एकाच वेळी उठतं. एवढ्या लहान वस्तीत कमाल प्रवाह सरासरीच्या जवळपास चौपट धरायचा असतो, म्हणजे सेकंदाला अडीच लिटर, आणि रात्री दोन ते चारच्या दरम्यान पाइप जवळजवळ कोरडा. मोठ्या शहरात हे चढउतार एकमेकांत मिसळून सपाट होतात, गावात होत नाहीत. जिवाणूंना रात्रभर उपास आणि सकाळी एकदम जेवण, हे ज्या व्यवस्थेला सोसतं तीच इथे टिकते.

हे आकडे माझ्याकडून घेऊ नका, स्वतः मोजा. गटाराच्या शेवटी एक पत्रा आडवा बसवा, त्यात ९० अंशांची इंग्रजी व्हीसारखी खाच कापा, आणि पत्र्याच्या मागे थोड्या अंतरावर, खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मोजा. उंची ५ सेंटीमीटर असेल तर प्रवाह सेकंदाला पाऊण लिटरच्या आसपास. १० सेंटीमीटर असेल तर जवळपास साडेचार लिटर. उंची दुप्पट झाली की प्रवाह साडेपाच पटीहून जास्त वाढतो, म्हणून पट्टी नीट लावा. चोवीस तास, दर तासाला नोंद. कपडे धुण्याचा वार आणि एक साधा वार, असे दोन दिवस तरी. एक नोंद भर पावसातही घ्या. पावसात प्रवाह कित्येक पटींनी वाढत असेल तर पागोळ्यांचं पाणी गटारात येतंय. ते वेगळं काढल्याशिवाय कुठलाही प्लांट चालणार नाही, मग तो कितीही महाग असो.

गावात दूध संकलन किंवा प्रक्रिया होत असेल तर तेही मोजणीत धरा. एक लिटर दुधाची बीओडी सुमारे १०० ग्रॅम, म्हणजे दोन माणसांचं दिवसभराचं ओझं. रोज शंभर लिटर दूध टाक्या धुताना वाया गेलं, तर गावात कागदावर नसलेली दोनशे माणसं वाढली. पनीर किंवा चीज करताना निघणारं पाणीही असंच जड असतं. अशा पाण्याला उगमापाशीच अडवायचं, गुरांना पाजायचं किंवा वेगळं कुजवायचं. गावाच्या पाइपात घ्यायचं नाही.

आता ब्लोअरच्या प्लांटकडे येऊ. ही पद्धत वाईट नाही. १९१४ मध्ये मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी ती मांडली आणि जगातली बहुतेक मोठी शहरं आज तिच्यावर चालतात. टाकीत जिवाणूंचा दाट गाळ तरंगत ठेवायचा, त्याला सतत हवा द्यायची, घाण खाऊन झाली की गाळ खाली बसू द्यायचा, त्यातला बराचसा परत हवेच्या टाकीत न्यायचा आणि उरलेला काढून टाकायचा. अडचण या शेवटच्या दोन शब्दांत आहे. ३५ किलो बीओडी खाऊन जिवाणू वाढतात, आणि दिवसाला वीस किलोहून जास्त सुका गाळ तयार होतो. पण तो सुका नसतो. त्यात ९९ टक्के पाणी असतं. म्हणजे रोज दोन घनमीटर किंवा त्याहून जास्त पातळ, काळपट, लवकर वास मारणारा गाळ काढायचा, वाळवायचा आणि कुठेतरी न्यायचा. रोज. माहितीपत्रकात याबद्दल एखादी ओळ असते, बऱ्याचदा तीही नसते.

तो काढला नाही तर काय होतं, हे मी अनेक गावांत पाहिलं आहे. टाकीत गाळ साचत जातो, बसण्याच्या टाकीत त्याची पातळी वर येत राहते, आणि मग सकाळच्या कमाल प्रवाहात तो कडेवरून निसटून ओढ्यात जातो. मधल्या वेळात पाणी नितळ दिसतं, दाखवायला आणलेला नमुना पास होतो. गाळ मात्र एकूण तेवढाच ओढ्याला पोहोचतो, फक्त हप्त्याहप्त्याने. हवा थांबली तर आणखी वाईट: त्या दाट मिश्रणातला विरघळलेला ऑक्सिजन काही मिनिटांत संपतो. तासाभराचा खंड चालतो, रात्रभराचा चालत नाही. आणि एक किलो बीओडी काढायला असा लहान प्लांट दीड ते अडीच युनिट वीज घेतो, म्हणजे तुमच्याकडे रोज साठ-सत्तर युनिट सहज. बिल थकलं की ब्लोअर दिवसातून थोडा वेळ चालवायचा असं कोणीतरी ठरवतं. हा निर्णय पहिल्या वर्षी होत नाही, तिसऱ्या वर्षी होतो, ज्यांनी प्लांट आणला ती माणसं बदलल्यावर.

जागा अजिबात नाही, शेजारच्या शहराचा शिकलेला ऑपरेटर रोज येऊ शकतो, गाळ त्या शहराच्या प्लांटला नेण्याचा लेखी करार आहे, अशा ठिकाणी मी स्वतः ब्लोअरचा प्लांट सुचवला आहे. तीनपैकी एक जरी गोष्ट नसेल तर सुचवत नाही.

मग तुमच्या गावात काय? पहिला फाटा असा: घरोघरच्या टाक्या खऱ्या आहेत का? टाकीचं झाकण उघडून काठी घाला. खऱ्या सेप्टिक टाकीला पक्का तळ असतो, दोन कप्पे असतात, पहिला कप्पा एकूण आकारमानाच्या दोन-तृतीयांश असतो, आणि बाहेर जाणाऱ्या पाइपाला इंग्रजी टीच्या आकाराचा जोड असतो, त्यामुळे वरची साय बाहेर जात नाही. पुष्कळ ठिकाणी टाकी म्हणून जे दाखवतात तो बिनतळाचा खड्डा निघतो. त्यातलं पाणी जमिनीत जातं, आणि जमिनीतून विहिरीत.

टाक्या बहुतेक खऱ्या निघाल्या तर त्या फुकट घालवू नका. टाकीत जड घाण बसते, बीओडी तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत कमी होते, आणि बाहेर पडतं ते बिनगाळाचं पाणी. असं पाणी न्यायला मोठा पाइप लागत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात १९६०च्या दशकापासून लहान गावांमध्ये हीच पद्धत आहे: घरची टाकी ठेवायची आणि तिच्या निकासाला बारीक पाइप जोडत जायचा. घाण आधीच बसलेली असल्यामुळे उतार अगदी कमी चालतो, पाइप खोल पुरावा लागत नाही, चेंबरही थोडीच लागतात. खोदकाम हा अशा कामातला सगळ्यात मोठा खर्च असतो, म्हणून हा फरक फार मोठा आहे.

पण मग घरोघरचा गाळ उपसायची जबाबदारी कायमची आली. माणशी वर्षाला ४० लिटर धरा. सातशे माणसांचे २८ घनमीटर. ब्लोअरच्या प्लांटचा दोन आठवड्यांचा गाळ तो इथे एका वर्षाचा, कारण टाकीत तो वर्षानुवर्षं कुजून आक्रसतो. तरीही २८ घनमीटर म्हणजे कमी नव्हे. टाकीत गाळ आणि साय मिळून एक-तृतीयांश झाली की उपसायची वेळ झाली, साधारण दर दोन ते पाच वर्षांनी. घरमालकावर सोडलं तर तो टाकी तुंबेपर्यंत थांबतो. तोवर गाळ बारीक पाइपात उतरलेला असतो, आणि तो पाइप मग साफ होत नाही. म्हणून या पद्धतीत उपसा गावाने करायचा, गल्लीवार वेळापत्रक लावून, टाकी भरली असो वा नसो. हे गावाला जमणार नसेल तर ही पद्धत निवडू नका.

उपशासाठी माणूस टाकीत उतरणार नाही, हे लेखी ठरवा आणि कुठल्याही अडचणीत मोडू नका. टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो. सुरुवातीला त्याचा कुजक्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजून माणसं उतरतात, आणि त्यांना काढायला उतरलेलेही मरतात. झाकण उघडं ठेवून, थोडा वेळ थांबून उतरणं हाही उपाय नव्हे. गाळ ढवळला की साठलेला वायू पुन्हा सुटतो. पंप किंवा व्हॅक्यूम टँकर, बाहेरून, एवढंच. टँकर पोहोचत नाही अशी घरं आधीच नकाशावर खुणा करून ठेवा, त्यांच्यासाठी लांब होज लागेल. आणि जिवाणूंच्या पावडरी विकत घेऊ नका. मैल्यात जिवाणू आधीपासूनच भरपूर असतात, पावडरीने गाळ नाहीसा होत नाही.

टाक्या खोट्या निघाल्या तर दुसरा रस्ता, आणि बहुतेक गावांसाठी मला हाच जास्त पटतो. टाक्या बंद करून मैला-सांडपाणी एकत्रच पाइपात घ्यायचं, पण मोठ्या शहराच्या नियमांनी पाइप टाकायचे नाहीत. ब्राझीलच्या नाताळ शहरात १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला गरीब वस्त्यांसाठी एक सोपी रचना उभी राहिली: रस्त्याच्या मध्यातून खोल पाइप नेण्याऐवजी अंगणांतून किंवा पदपथाखालून उथळ पाइप न्यायचा. १०० मिलिमीटरचा पाइप दोनशेला एक या उताराने टाकला तर सुमारे दोनशे घरं त्यावर चालतात. तुमचं सगळं गाव त्यात बसतं. उतार मात्र लेव्हल लावून दर तीन-चार मीटरला तपासला पाहिजे. नजरेने टाकलेल्या पाइपात खोलगट जागा राहतात, आणि तुंबणं नेहमी तिथेच सुरू होतं.

हे पाणी मग थेट वाफ्यांवर. फ्रान्समध्ये हजारो लहान गावांत ही व्यवस्था आहे आणि तिचं माप सोपं आहे: माणशी दोन चौरस मीटर. त्यातले १.२ खडीच्या पहिल्या टप्प्याला, ०.८ वाळूच्या दुसऱ्या टप्प्याला. तुमच्याकडे पहिल्या टप्प्यात ८४० चौरस मीटर, तीन वाफ्यांत वाटून दर वाफा २८०. दुसऱ्या टप्प्यात ५६० चौरस मीटर, दोन वाफे, तेही २८०चेच. एकूण पाच सारखे वाफे. बांध, वाट आणि कुंपण धरून पाव हेक्टर जागा पुरते. हे माप थंड हवेत बसवलेलं आहे, उबदार हवेत ते कमी करता येतं. पण माझा आग्रह असा की कमी करू नका, वाढत्या वस्तीला ते लागेल.

जाळीतून आलेलं कच्चं सांडपाणी पहिल्या टप्प्याच्या एका वाफ्यावर वरून पसरवायचं. वरचा थर बारीक खडीचा, २ ते ८ मिलिमीटरची. खाली मध्यम खडी, तळाला मोठी, आणि तिच्यात वरून हवा खेचणारे भोकाचे निचरा पाइप. मैला वर अडकतो, पाणी खाली झिरपतं, खडीला चिकटलेले जिवाणू ते शुद्ध करतात आणि एकदा पाणी सोडल्यापासून पुन्हा सोडेपर्यंतच्या मधल्या वेळात पोकळ्यांत हवा भरते. हीच हवा ब्लोअरचं काम करते. तीन-चार दिवस एका वाफ्यावर पाणी, मग त्याला सात दिवस पूर्ण विश्रांती आणि पुढच्या वाफ्याची पाळी. विश्रांतीत वरचा थर सुकतो, भेगाळतो आणि कुजतो. देवनळाचे ताठ बुंधे वाऱ्याने हलतात, त्यांच्याभोवती कडेने वाट मोकळी राहते आणि थर कितीही जाड झाला तरी पाणी मुरत राहतं. झाडं खतपाणी शोषून घेतात हे खरं, पण या वाफ्यात त्यांचं मुख्य काम हे यांत्रिक आहे.

आणि गाळ? तो वाफ्यावरच राहतो. वर्षाला दोन-तीन सेंटीमीटर वाढतो आणि दहा-पंधरा वर्षांनी मातीसारखा होऊन फावड्याने काढला जातो. रोजचा दोन घनमीटर पातळ गाळ एकीकडे आणि हे एकीकडे. गावाच्या हातून जे काम होण्याची सर्वांत कमी शक्यता असते, तेच काम ही रचना दहा वर्षं पुढे ढकलते आणि तोवर त्याचं ओझं हलकं करून ठेवते. माझ्या पसंतीचं कारण एवढंच.

ही व्यवस्था बिघडते ती बहुतेक वेळा बांधतानाच. खडी धुतलेली हवी. क्रशरची कच असलेली खडी पडली तर वाफा पहिल्या वर्षातच तुंबतो, आणि मग सगळी खडी उपसण्याशिवाय इलाज नसतो. ट्रक आला की बादलीभर खडी घ्या, पाण्यात खळबळवा, ते पाणी काचेच्या बरणीत ओता. तासाभराने तळाशी चिखलाचा ठळक थर दिसला तर ट्रक परत पाठवा. दुसऱ्या टप्प्याच्या वाळूला हाच नियम आणखी कडक लावा. तिच्यातली धूळ तीन टक्क्यांच्या वर असू नये. वाळू गोल दाण्याची, मध्यम ते भरड हवी. गिलाव्याची बारीक वाळू इथे चालत नाही. वाफ्याखाली जाड प्लास्टिकचं अस्तर किंवा ठोकलेली चिकणमाती, नाही तर तुम्ही विहिरींसाठी नवाच खड्डा तयार कराल.

दुसरी कळीची गोष्ट म्हणजे पाणी घुटक्याघुटक्याने न सोडता एकदम सोडणं. धार सतत बारीक आली तर ती पाइपाच्या तोंडाशीच मुरते आणि बाकीचा वाफा कोरडा राहतो. २८० चौरस मीटरवर तीन सेंटीमीटर पाणी एका वेळी पसरायचं तर साडेआठ घनमीटरचा साठा हवा. तो दिवसातून सहा-सात वेळा रिकामा होईल. जमिनीला उतार असेल तर साठा भरला की तो आपोआप एकदम रिकामा करणारा सायफन हे करतो, वीज लागत नाही. दोन्ही टप्पे गुरुत्वावर चालवायला एकूण तीन ते चार मीटरचा उतार लागतो, म्हणून जागा निवडताना पहिल्यांदा लेव्हल घ्या. उतार नसेल तर एक पंप लागेल, आणि तोही चालेल. पंप रात्रभर बंद पडला तर वाफा फक्त विश्रांती घेतो, तेवढं पाणी सामावेल एवढी साठवण मात्र ठेवा.

जमीन भरपूर, हवा उबदार आणि घरं लांब असतील तर तळी सर्वांत कमी कष्टाची. हवेचं सरासरी तापमान थंडीच्या महिन्यात २५ अंश असेल तर मुख्य तळं हेक्टरी ३५० किलो बीओडी रोज पेलतं, म्हणजे तुम्हाला एक हजार चौरस मीटर. तेच तापमान १० अंश असेल तर हेक्टरी १०० किलोच, म्हणजे साडेतीन हजार चौरस मीटर. त्यामागे जंतू मारण्यासाठी मीटरभर खोलीची दोन-तीन तळी. उन्हातल्या उथळ तळ्यात जंतू फार चांगले मरतात, हा तळ्यांचा मोठा गुण. काठावर गवत वाढू दिलं तर डासही तितकेच चांगले वाढतात.

घरं विखुरलेली असतील तर पाइपांच्या नादी लागू नका. दोन खड्ड्यांचा संडास, एक वापरात आणि एक विश्रांतीत, आणि न्हाणीच्या पाण्याला वेगळा शोषखड्डा किंवा झाडांची आळी, हे पुरतं. अट जमिनीची आहे. खड्ड्याच्या तळाखाली किमान दीड ते दोन मीटरपर्यंत भूजल नको आणि विहीर ३० मीटरच्या आत नको. तडे गेलेल्या खडकात तीस मीटरही पुरत नाहीत, पाणी फटीतून सरळ जातं.

विहिरींमुळे एक गोष्ट विसरू नका. हवेशीर वाफ्यांतून निघणाऱ्या पाण्यात अमोनियाचं नायट्रेट झालेलं असतं. माशांसाठी ते चांगलं, कारण अमोनिया त्यांना मारतो. पण नायट्रेट जमिनीत अडत नाही. पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे, आणि ती मुख्यतः बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या मुलांसाठी आहे. त्याहून जास्त नायट्रेटमुळे त्यांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद जाते. म्हणून शुद्ध झालेलं पाणी विहिरींच्या वरच्या अंगाला मुरवू नका. काम सुरू होण्याआधीच प्रत्येक विहिरीचं नायट्रेट आणि ई. कोलाय (विष्ठेतले जिवाणू) तपासून ठेवा, नंतर कोणाच्या म्हणण्यावर वाद नकोत.

शेतीला पाणी द्यायचं असेल, आणि द्यावंच, कारण त्यात नत्र आहे. पण नितळ म्हणजे निर्जंतुक नव्हे. कच्च्या सांडपाण्यात १०० मिलिलिटरला एक कोटीच्या घरात विष्ठेतले जिवाणू असतात. वाफ्यांनी ९९ टक्के काढले तरी एक लाख उरतात. झाडं, चारा, शिजवून खायची पिकं यांना सरीने किंवा ठिबकने द्या. तुषार नको, कच्च्या खायच्या भाज्यांना नको, आणि काढणीच्या आधी काही दिवस थांबवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या मार्गदर्शक सूचनांचं मर्म हेच आहे: सगळी सुरक्षितता प्लांटमधून मागू नका, पीक, पाणी देण्याची पद्धत आणि धुणं-शिजवणं यांत ती वाटून घ्या. क्लोरीनवर विसंबू नका. पाण्यात अमोनिया किंवा सेंद्रिय घाण उरली असेल तर क्लोरीन तिच्यातच खर्च होतो, आणि जंतांच्या अंड्यांना तो फारसं काही करत नाही. ही अंडी गाळातही महिनोन् महिने जिवंत राहतात. म्हणून वाफ्यावरून किंवा टाकीतून काढलेला गाळ लगेच शेतात न टाकता कोरडा साठवा, २० अंशांहून जास्त तापमान असलेल्या ठिकाणी किमान एक वर्ष, थंड ठिकाणी दीड ते दोन.

माणूस एक हवा, पगारी. सकाळी जाळी साफ करणं, सायफन सुटतोय का बघणं, ठरलेल्या दिवशी पाणी पुढच्या वाफ्यावर वळवणारी झडप फिरवणं, वर्षातून एकदा देवनळ कापणं. रोजचा अर्धा तास, आठवड्यातून एकदा जरा जास्त. काम एवढं सोपं असल्यामुळेच ते कुणावर तरी सोपवायचं राहून जातं. झडप फिरवली नाही तर वाफा तुंबतो, बाकी काही चुकलं नाही तरी. मी वाफ्यांच्या काठावर पाटी लावायला सांगतो: आज कोणता वाफा, कोणत्या तारखेपासून. येणाजाणाऱ्या कोणालाही चूक दिसते.

पहिल्या वर्षी घाई करू नका. दर चौरस मीटरला चार रोपं लावा, मुळं धरेपर्यंत तण उपटा, आणि शक्य असेल तर गल्ल्या एकेक करून जोडा. पहिल्या टप्प्यावर थर तयार व्हायला काही महिने लागतात, तोवर पाणी थोडं गढूळ निघेल.

तपासणीसाठी दर महिन्याला तीन बरण्या भरा: येणारं पाणी, पहिल्या टप्प्यानंतरचं आणि शेवटचं. तिन्ही शेजारी ठेवून रंग आणि वास लिहून ठेवा, दर तिमाहीला बीओडी आणि अमोनिया प्रयोगशाळेत. शेवटच्या पाण्यात बीओडी ठीक आणि अमोनिया मात्र वाढत चालला असेल तर वाफ्याला हवा कमी पडते आहे. अमोनियावर काम करणारे जिवाणू ऑक्सिजनच्या बाबतीत सगळ्यात हळवे, एक ग्रॅम अमोनिया-नत्रासाठी त्यांना साडेचार ग्रॅम ऑक्सिजन लागतो. त्यामुळे बीओडी बिघडण्याच्या कितीतरी आधी तेच कळवतात. तेव्हा पहिल्यांदा झडपेची नोंदवही बघा, मग पाणी सोडल्यावर वाफ्यावर किती वेळ तुंबून राहतं ते घड्याळाने मोजा, आणि पुन्हा पाणी सोडायची वेळ येईपर्यंत डबकं तसंच राहत असेल तर तो वाफा दोन आठवडे पूर्ण बंद ठेवा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच तो मोकळा होतो.